कौल लावावा, पण केव्हा?

‘कौल’ हा शब्द मोठा बहुरूपी आहे. घरावर घालतात ते कौल, देवापुढे लावतात तो कौल, आणि निवडणुका आटोपल्या की जनतेने दिला म्हणून वर्तमानपत्रे मोठ्या अक्षरांत छापतात तोही कौलच! यांपैकी घरावरचे कौल सोडून देऊ. बाकीच्या दोहोंचे मूळ अरबी भाषेत आहे आणि त्याचा अर्थ आहे शब्द, वचन. ओसाड पडलेल्या गावी कुळांनी परत यावे, पडीक जमीन कसावी, म्हणून पूर्वी सरकारातून सवलतीचे जे वचनपत्र मिळे त्याला कौलनामा म्हणत. म्हणजे कौल ही नुसती डोक्यांची मोजदाद नव्हे. कौलात शब्द गुंतलेला असतो, आणि एकदा दिलेला शब्द पाळावयाचा असतो.

हे शब्दपुराण लावण्याचे कारण असे की, हा जुना शब्द अलीकडे एका अगदी नव्या ठिकाणी नांदू लागला आहे. मराठी विकिपीडिया हा संगणकावरचा ज्ञानकोश १ मे २००३ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्रदिनी सुरू झाला. कोणीही वाचावा आणि कोणीही दुरुस्त करावा, असा हा ज्ञानकोश. त्याच्या लेखकमंडळींपैकी पुष्कळांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तरीही त्यांना एकत्र बसून बोलण्यासाठी जागा लागते. त्या जागेचे नाव ‘चावडी’! आणि चावडीवर एखादी गोष्ट अडली की ज्या पानावर मते मागवितात त्या पानाचे नाव ‘कौल’! ज्याने कोणी ही नावे ठेवली त्याला गावाची नाडी ठाऊक असली पाहिजे.

त्या कौलात प्रत्येकाने आपला पाठिंबा किंवा विरोध लिहावयाचा, कारण द्यावयाचे आणि खाली सही करावयाची. सहीबरोबर दिवस आणि वेळ आपोआप उमटते. पण गंमत पुढेच आहे. याच ज्ञानकोशाचे २००१ साली जन्मलेले जे इंग्रजी थोरले भावंड, त्याच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की मतदान हा चर्चेला पर्याय नव्हे. मग वाचक विचारतील, मते मागवावयाची तरी कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात नव्हे, तर आमच्या कळवणच्या एका विहिरीच्या काठावर मिळाले. पण विहिरीकडे जाण्यापूर्वी हे साधन काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे.

सामाईक कागद

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅनफ्रान्सिस्को शहरात डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकाने एक प्रयोग करून दाखविला. तो स्वतः सभागृहात आणि त्याचा सहकारी कित्येक मैल दूर प्रयोगशाळेत. पण दोघांच्या डोळ्यांपुढे पडद्यावर मजकूर एकच. त्या दिवशी जे नवल वाटले ते आज कळवणच्या एस. टी. स्थानकावर बसलेल्या पोराच्या खिशात असते. एक कागद, तो पुण्याचा पुतण्या वाचतो आहे, नाशिकची भाची त्यात दुरुस्ती करते आहे आणि आखातातला चुलतभाऊ समासात शंका लिहितो आहे. कागद मात्र एकच. म्हणून मी त्याला ‘सामाईक कागद’ म्हणतो.

अशा कागदात मते नोंदविण्याची सोय आता तयारच मिळते. प्रत्येक सूचनेपुढे लहानशी खूण असते. ती दाबली की आकडा एकाने वाढतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘लूप’मध्ये तर मतांचा आयता तक्ताच आहे. व्हॉट्सॲपवर २०२२ सालापासून जनमत घेता येते. बारापर्यंत पर्याय देता येतात आणि कोणी काय दाबले तेही दिसते. २०११ च्या ‘ऑक्युपाय’ चळवळीतून स्फूर्ती घेऊन न्यूझीलंडमधल्या मंडळींनी ‘लूमिओ’ नावाचे साधन केले. त्यात चार मते असतात: सहमत, असहमत, तटस्थ आणि चौथे म्हणजे ‘रोखतो’. हे चौथे मत आवडीनिवडीचे नव्हे. ‘हे झाले तर मला या मंडळीत राहणे कठीण आहे’ असे ज्याला मनापासून वाटते त्याने ते द्यावयाचे. हे चौथे मत वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज लागणार आहे.

पाच हिस्से, एक मोटर

आमच्याकडे गिरणाकाठी वडिलोपार्जित विहिरी पुष्कळ. जमीन वाटली जाते, घर वाटले जाते, विहीर काही चिरता येत नाही. म्हणून ती सामाईक राहते आणि सातबाऱ्यावर हिस्से चढतात. आमच्या विहिरीला पाच हिस्से आणि मोटर एक. त्यातून शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. उन्हाळी कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत व्हायची, एप्रिलपर्यंत माल निघायचा. मधल्या दिवसांत एक पाळी चुकली तर त्याचा हिशेब काढणीला कळतो. पाळ्यांवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे कळवण तालुक्यात धुंडाळावी लागत नाहीत.

पुण्याच्या पुतण्याने यंदा मनावर घेतले. त्याने पाळ्यांचा एक सामाईक कागद तयार केला. तास समान वाटले, मोटर जळाली तर खर्च कसा भरावयाचा याचे कलम घातले, आणि खाली पाच नावांचा तक्ता मांडून ‘मान्य’ व ‘अमान्य’ अशा दोन खुणा ठेवल्या. मुदत रविवारी संध्याकाळची. रविवारी रात्री त्याचा दूरध्वनी आला.

“नाना, चार ‘मान्य’ पडले. ठराव पास झाला. आता पाळ्या चालू करायला सांगू ना?”

“अरे, पण पाचवी चौकट?”

“ती काकूंची. रिकामीच आहे. म्हणजे त्यांची हरकत नाही.”

“रिकामी म्हणजे हरकत नाही, हे कोणी ठरवलं?” मी विचारले.

त्याच्याकडे उत्तर नव्हते. माझी भावजय म्हणजे त्याची काकू. तिच्याजवळ बटणांचा जुना फोन. तिला तो कागद दिसणार कोठून? दुसऱ्या दिवशी कागद छापून घेतला आणि तिच्या ओट्यावर बसून कलमवार वाचून दाखविला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, मग म्हणाली:

“तास सारखेच आहेत भाऊजी, ते काही खोटं नाही. पण रात्रीची वीज असली की माझी पाळी दोन वाजता लागते. घरात मी आणि शाळेत जाणारी पोर. उसाकडेला बिबट्या फिरतो म्हणून तुम्हीच सांगता. मग रात्री दोनला बारं धरायला जायचं कोणी?”

ही गोष्ट आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, कारण कागदात तास लिहिले होते, वेळ लिहिलेली नव्हती. चार ‘मान्य’ खरे होते, पण तेवढ्या चारांनी पाचवीच्या अडचणीचा पत्ता लागला नसता. कागद पुन्हा उघडला. रात्रपाळीच्या आठवड्यात शेजारच्या हिस्सेदाराच्या मुलाने तिचे पाणी धरावे आणि त्याच्या बदल्यात तिने आपल्या दिवसपाळीतला एक तास त्याला द्यावा, अशी एक ओळ वाढली. ती ओळ तिनेच सुचविली. पुतण्याने फक्त टंकली.

याहून मौजेची गोष्ट निराळीच. कागद असा पुन्हा उघडला गेल्यावर, ज्यांनी सर्वांआधी ‘मान्य’ दाबले होते ते आप्पा चष्मा पुसत म्हणाले, “हे मोटरच्या खर्चाचं कलम केव्हा घातलं रे?” मोटर जळाल्यास खर्च समान, असे तेथे पहिल्यापासून होते. आप्पांचा हिस्सा सर्वांत लहान! तेव्हा तेही कलम बदलले आणि खर्च हिस्स्याप्रमाणे ठरला. मग एकेका कलमावर वेगळे मत घेतले. या खेपेस पाचही चौकटी भरल्या. काकूंची चौकट त्यांच्या मुलीने, आईला विचारून, भरली.

न पडलेले मत कोणाचे?

यावरून माझ्या मनात आले की मतदानातला सर्वांत अवघड प्रश्न पडलेल्या मतांचा नसून न पडलेल्या मतांचा असतो. गप्प बसलेला माणूस कोणत्या बाजूचा, हे आधी ठरविले नाही तर नंतर जो तो त्याला आपल्या बाजूला ओढतो.

महाराष्ट्राला याचे एक ठसठशीत उदाहरण ठाऊक आहे. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी जे मतदान होते त्यात मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. चित्र इतके बोलके की निरक्षर बाईलाही समजावून सांगावे लागत नाही. पण दुकान बंद व्हावयाचे तर केवळ झालेल्या मतदानात आडव्या बाटलीची सरशी पुरत नाही. नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते तिला पडावी लागतात. म्हणजे जी बाई मजुरीला गेली, जी आजारी होती, जिला घरून येऊ दिले नाही, तिचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्याच पदरात जाते. हा नियम कोणाला कडक वाटेल, कोणाला योग्य वाटेल. पण तो आधी सांगितलेला असतो, म्हणून बायका घरोघर जाऊन एकेकीला बाहेर काढतात. आमच्या कागदात मात्र रिकामी चौकट ‘मान्य’ समजली जाणार होती, आणि तेही कोणाला न सांगता.

पहिल्या बोटाची किमया

ग्रामसभेत हात वर करावयाचे असले म्हणजे पुष्कळांचे डोळे आधी पुढच्या रांगेकडे जातात. पाटलांचा हात वर गेला की मागचे चार हात आपोआप उठतात. सामाईक कागदात पाटील दिसत नाहीत, पण आकडा दिसतो, आणि आकडाही पाटलाहून कमी नाही.

२०१३ साली याची एक मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. इस्रायल व अमेरिकेतल्या संशोधकांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर आलेल्या वाचकांच्या अभिप्रायांपैकी काहींना, कसलाही गुणदोष न पाहता, पहिले अनुकूल मत स्वतःच देऊन ठेवले. शेवटी हिशेब केला तेव्हा अशा अभिप्रायांचे गुण इतरांपेक्षा सरासरीने २५ टक्के अधिक भरले. अभिप्राय तेच, वाचणारेही तसलेच. फरक काय तो पहिल्या बोटाचा!

म्हणून जेथे भीड आहे, नाते आहे, सासर-माहेर आहे, तेथे पहिली फेरी झाकून घ्यावी. कोणी काय म्हटले ते सर्वांची मते येईपर्यंत दिसू देऊ नये. दुसरी फेरी उघड असावी, कारण तोवर प्रत्येकाने आपले मन एकदा तरी स्वतः चाचपलेले असते. विकिपीडियाच्या कौलात मताबरोबर कारण मागतात, तेही याच हेतूने फार उपयोगी आहे. नुसत्या खुणेशी भांडता येत नाही. कारणाशी बोलता येते.

तिघांचे तीन तिढे

दोन पर्याय असले तर निभावते. तीन झाले की गणितच फिरते. समजा, विहिरीच्या फंडात थोडे पैसे शिल्लक आहेत आणि तीन सूचना आल्या: नवी मोटर घ्या, गाळ काढा किंवा सौर पंप बसवा. पहिल्याची पसंती मोटर, मग गाळ, मग सौर. दुसऱ्याची गाळ, मग सौर, मग मोटर. तिसऱ्याची सौर, मग मोटर, मग गाळ. आता जोड्या लावा. मोटर विरुद्ध गाळ: मोटर दोन मतांनी जिंकते. गाळ विरुद्ध सौर: गाळ जिंकतो. तर मग मोटर सौरावर सहज मात करील ना? छे! सौर विरुद्ध मोटर लावा, सौर जिंकतो! कोणीही खोटे बोललेले नाही, मोजणीत चूक नाही, तरी बहुमत गोल गोल फिरते. कोंदोर्से या फ्रेंच पंडिताने हा तिढा १७८५ साली मांडला. पुढे १९५१ साली केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध केले की पसंतीक्रमांवर चालणारी आणि सर्व रास्त अटी एकाच वेळी पाळणारी, अशी निर्दोष मतपद्धती निघूच शकत नाही. त्याला १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग आपण संसारी माणसांनी काय करावे? मला वाटते, उत्तर आपल्या बोलीतच आहे. आपण ‘आवडतं’ म्हणतो, ‘नको’ म्हणतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक फार शहाणा शब्द वापरतो: ‘चालेल’. तीन सूचनांपैकी तुमची लाडकी कोणती, असे विचारले की तंटा उभा राहतो. कोणकोणत्या चालतील, असे विचारून हव्या तितक्यांवर खूण करू दिली की पुष्कळदा एखादी सूचना अशी निघते, जी कोणाची लाडकी नसली तरी सर्वांना चालते. फक्त एक सावधगिरी हवी: आपल्याकडे ‘बघू’ याचा अर्थ बहुधा ‘नको’ असा असतो, हे यंत्राला कळत नाही. ते माणसालाच जाऊन विचारावे लागते.

थोरामोठ्यांची रीत

कोणी म्हणेल, पाच हिस्सेदारांत हे ठीक. गावाला, देशाला असले लाड परवडतात काय? आमचा कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना आपल्या जमिनीपाण्याच्या प्रश्नांत बोलण्याचा विशेष अधिकार दिला. हा अधिकार कसा वापरावा याचा धडा गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने घालून दिला आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा गाजली. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. पण मला विशेष वाटते ते तेथल्या अभ्यासगटाचे. अभ्यासगटात बसावे, शिकावे, वाद घालावा. निर्णय मात्र तेथे घ्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेत. बोलण्याची जागा निराळी आणि ठरविण्याची निराळी! २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला. सर्वांना बरोबर घेणारे गाव काही मागे पडले नाही.

संगणकांचे जाळे ज्या नियमांवर चालते ते नियम लिहिणाऱ्या अभियंत्यांची १९८६ पासून चालत आलेली एक जागतिक मंडळी आहे. तिच्या सभांत हात मोजत नाहीत. बाजूने असणाऱ्यांना ‘हुं’ असा हुंकार देण्यास सांगतात, मग विरुद्ध असणाऱ्यांना. हुंकारावरून वारा कोठे वाहतो ते समजते, आणि एकट्यादुकट्याचा आक्षेप असला तरी त्यात तथ्य आहे काय, हे पाहिल्यावाचून पुढे जावयाचे नाही, असा संकेत आहे. सारे जग मोजणाऱ्या यंत्रांचे हे जनक स्वतःची मते मोजीत नाहीत!

आणि आपली राज्यघटना? तिच्याएवढा मोठा सामाईक कागद या देशात दुसरा झाला नाही. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेला मसुदा १९४८ च्या फेब्रुवारीत लोकांपुढे ठेवला गेला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. भाषेच्या प्रश्नावर तर रान पेटले होते. १२ सप्टेंबर १९४९ रोजी ती चर्चा सुरू करताना अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी सभासदांना बजावले की एखादा निर्णय बहुमताने संमत झाला, पण उत्तरेतल्या किंवा दक्षिणेतल्या मोठ्या समूहाला तो पटला नाही, तर घटना राबविणेच कठीण होऊन बसेल. तीन दिवस वाद झाला आणि १४ सप्टेंबरला मुन्शी व गोपालस्वामी अय्यंगार यांच्या तडजोडीवर गाडी आली: देवनागरी लिपीतली हिंदी, पण अंकांचे रूप आंतरराष्ट्रीय आणि इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत. कोणाचेही सर्वस्वी समाधान झाले नाही. पण घर फुटले नाही. सगळ्यांना ‘चालेल’ असे सापडले.

आधी वाचा, मग दाबा

तेव्हा सामाईक कागदावर कौल लावावयाचा असेल त्यांनी माझ्या मते एवढे पथ्य सांभाळावे. कोणाकोणाचे मत हवे त्यांची यादी आधी करावी, आणि ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याच्याकडे कागद घेऊन जावे. रिकाम्या चौकटीचा अर्थ आधी सांगावा. सगळ्या कागदावर एक मत न घेता कलमावर एक मत घ्यावे. मते पडू लागली की मजकूर बदलू नये. बदललाच, तर जुनी मते रद्द समजून पुन्हा विचारावे. पहिला कौल निकालासाठी नव्हे, तर कोठे अडते आहे ते पाहण्यासाठी घ्यावा. वैद्य नाडी पाहतो तसा. नाडी पाहिल्याने ताप उतरत नाही, पण औषध कशावर द्यावयाचे ते कळते. आणि ज्याने ‘रोखतो’ म्हटले त्याला दटावण्याऐवजी त्याला काय लिहिले असता चालेल, ते त्याच्याच तोंडून काढावे.

यावरही मतभेद उरला आणि वेळ उरली नाही, तर बहुमत आहेच. ते वाईट नव्हे. पण ज्याचे मत हरले त्याचे कारण कागदावर लिहून ठेवावे. उद्या पाणी आटले तर त्याच ओळीपासून पुन्हा बोलणे सुरू करता येते.

आमच्या शेजारी बागलाणात, मोसम आणि आरम नद्यांच्या काठी, शेकडो वर्षांची फडपद्धती आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखाली शेतांचे तीन-चार मोठे फड. कोणत्या फडात यंदा कोणते पीक, हे हंगामाआधी सर्वांनी मिळून ठरवावयाचे; त्या फडातल्या प्रत्येकाने तेच पीक घ्यावयाचे. पुष्कळांचे तुकडे निरनिराळ्या फडांत असत, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी त्याची झळ एकट्यादुकट्याला न बसता वाटली जाई. पाणी सोडावयास पाटकरी असे, राखणीला जागल्या असे. त्या शेतकऱ्यांजवळ ना तक्ता होता, ना खूण, ना आकडा. पण ठरलेला शब्द पाळण्यापूर्वी तो आपणही ठरविला आहे, असे प्रत्येकाला वाटत असे. नव्या कागदाने तेवढे साधले तर त्याच्या मताला खुशाल कौल म्हणावे.